गिरणीत दडलेल्या गाड्या: एत्तोरे बुगाटीच्या वारशाचे प्रकरण

मोठ्या अभियंत्याचा वारसा जपायला संस्था काढायची ठरली की चर्चा बहुधा जागा, निधी आणि पुतळा यांच्यापाशीच घुटमळते. जपायच्या वस्तूंची कायदेशीर मालकी कोणाची, ती व्यक्ती किंवा कंपनी उद्या बुडाली तर त्या वस्तूंचे काय होईल, हे कोणी विचारत नाही. एत्तोरे बुगाटी या मोटारी घडवणाऱ्या अभियंत्याच्या गाड्यांचे हे प्रकरण त्याच प्रश्नाचे आहे. ते फ्रान्समधल्या अल्सास प्रांतात घडले. संग्राहक बंधू आणि संस्था यांची नावे सार्वजनिक नोंदीत असल्यामुळे ती दिली आहेत. कामगार, कारागीर आणि संघटनेचे कार्यकर्ते यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

एत्तोरे बुगाटी १८८१ साली मिलानमध्ये जन्मला. वडील कार्लो फर्निचरचे नामांकित रचनाकार, धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पे घडवणारा. घरात लाकूड, धातू आणि आकार यांचीच बोलणी. एत्तोरेने १९०९ मध्ये अल्सासमधल्या मोल्सहाइम गावात एका बंद पडलेल्या रंगाईच्या कारखान्यात स्वतःचे काम सुरू केले. तेव्हा अल्सास जर्मनीत होते, पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे आले. कारखाना जागच्या जागी राहिला आणि देश बदलला.

त्याच्या कामाची जात समजायची तर १९२४ ची टाइप ३५ ही शर्यतीची गाडी पाहावी. दोन लिटरचे, ओळीत आठ सिलिंडरचे इंजिन. चाके ओतीव ॲल्युमिनियमची, आणि ब्रेकचा ड्रम चाकालाच जोडलेला. चाक काढले की ब्रेक उघडा पडे आणि शर्यत चालू असतानाही तो तपासता येई. पुढचा आस पोकळ, घडीव आणि चकचकीत घासलेला. पाट्यांच्या स्प्रिंगा त्याला बाहेरून बांधलेल्या नव्हत्या, त्याच्यातच चौकोनी भोके ठेवून त्यांतून आरपार नेलेल्या होत्या. असा आस घडवणे महाग आणि वेळखाऊ असते. बुगाटीने तो तसाच घडवला, कारण एकाच भागाने शक्य तितकी जास्त कामे करावीत आणि ती करताना तो देखणाही दिसावा, असा त्याचा आग्रह होता. त्या एका आसात मला त्याचे सगळे यंत्रशास्त्र दिसते.

दुसऱ्या टोकाला टाइप ४१, म्हणजे रोयाल. जवळजवळ पावणेतेरा लिटरचे इंजिन असलेली ही राजेरजवाड्यांसाठीची गाडी. सहाच तयार झाल्या आणि तीनच गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. उरलेली इंजिने बुगाटीने रेल्वेच्या डब्यांत बसवली आणि त्या वेगवान रेल्वेगाड्यांनी कारखाना तगवला.

ऑगस्ट १९३९ मध्ये मुलगा जाँ गाडीची चाचणी घेताना अपघातात गेला. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. १९४७ मध्ये एत्तोरेही गेला. कारखाना त्यानंतर कसाबसा चालला आणि १९६३ मध्ये हिस्पानो-सुइझा कंपनीकडे गेला. त्या काळी जुनी बुगाटी म्हणजे बऱ्याच घरांत कोठाराच्या कोपऱ्यात पडलेली अडगळच होती. वारसा हा शब्द तिच्याबद्दल फार थोडे लोक वापरत.

आता म्युलूज. हे शहर मोल्सहाइमच्या दक्षिणेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत आहे. इथला कापडधंदा १७४६ पासूनचा, आणि त्याची सुरुवात भारताशी जोडलेली आहे. भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडाला युरोपात एवढी मागणी होती की त्याची नक्कल करण्यासाठी इथे छापखाने निघाले, आणि त्या कापडाला फ्रेंचमध्ये नावही ‘भारतीय’ अशा अर्थाचेच पडले. या शहरात आणि आसपासच्या खोऱ्यात हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या स्विस नागरिक भावांनी लोकरीच्या सूतगिरण्यांचा मोठा कारभार उभा केला.

फ्रिट्झला बुगाटीचे वेड होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याने झपाट्याने खरेदी सुरू केली. मोल्सहाइमच्या कारखान्यात उरलेल्या गाड्या त्याने उचलल्या. त्यांत खुद्द एत्तोरेची ‘कूपे नेपोलिऑन’ नावाची रोयालही होती. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका संग्राहकाकडच्या तीस बुगाटी त्याने एकगठ्ठा घेतल्या. त्या रेल्वेच्या उघड्या वाघिणींवरून बंदरापर्यंत आणि तिथून जहाजाने युरोपात आल्या. त्यांतही एक रोयाल होती. अशा रीतीने सहापैकी दोन रोयाल एकाच माणसाच्या छपराखाली आल्या. बुगाटीशिवाय इतर कंपन्यांच्याही गाड्या धरून आकडा चारशेच्या पुढे गेला.

या सगळ्या गाड्या म्युलूजमधल्या एका जुन्या सूतगिरणीच्या आवारात होत्या. मेकॅनिक, सुतार, चामडे शिवणारे असे कारागीर तिथे वर्षानुवर्षे दुरुस्तीचे काम करत होते, आणि आतले बाहेर बोलायचे नाही अशी त्यांना ताकीद होती. पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावरच्या दिव्यांसारखे शेकडो दिवे मुद्दाम बनवून आत रांगांनी उभे केले होते. आई जान हिच्या स्मरणार्थ एक दालन होते. संग्रहालय जवळजवळ तयार होते, पण लोकांसाठी ते कधी उघडलेच नाही.

अडचण

१९७० च्या दशकात युरोपातला कापडधंदा घसरला. गिरणी संपाच्या बातम्या वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला पुढचा क्रम ओळखीचा वाटेल: मंदी, कामगारकपात, थकलेली देणी, संप. १९७६ मध्ये श्लुम्फांच्या गिरण्या कोसळल्या. त्यांची गिरणी असलेल्या माल्मेरस्पाक गावात कामगार रस्त्यावर आले. दोघे भाऊ सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला गेले आणि फ्रान्समध्ये राहायला परत आले नाहीत. कंपनीचा पैसा खासगी हौशीवर उधळल्याच्या आरोपावरून त्यांच्यामागे कायद्याचा ससेमिरा लागला.

७ मार्च १९७७ रोजी कामगार संघटनेचे लोक म्युलूजच्या गिरणीत शिरले. आत काय आहे याची कुजबुज शहरात होती, पण एवढे असेल अशी कल्पना नव्हती. नोकरी गेलेली माणसे दिव्यांच्या रांगांखाली झळाळत्या गाड्यांसमोर उभी होती. त्यांच्या संतापाला आता डोळ्यांना दिसणारे कारण मिळाले. त्या दिवसांत संग्रहातली ऑस्टिन सेव्हन ही एक छोटी गाडी जाळली गेली.

त्या एका इमारतीवर आता चार हक्क येऊन आदळले. कामगारांचा हक्क थकलेल्या मजुरीचा आणि गेलेल्या रोजगाराचा. धनकोंचा हक्क कर्जाच्या वसुलीचा. भावांचे म्हणणे, संग्रह आमचा आहे. चौथा हक्क बुगाटीच्या कामाचा. त्याच्या बाजूने बोलायला त्या घडीला कोणतीही संस्था नव्हती. बुगाटीच्या नावाचा न्यास फ्रान्समध्ये निघालेला नव्हता, कारखाना परक्या हातात होता, आणि ज्याने गाड्या गोळा केल्या तो फरारी होता. पहिले तीन हक्क गाड्या विकूनही भागले असते. चौथ्याला मात्र विक्री म्हणजे अखेरच होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय लिलावाचा. पैसा लवकर आला असता आणि देणी फिटली असती. पण त्या वेळी जगात अशा गाड्यांचे श्रीमंत गिऱ्हाईक अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत होते. गाड्या एकेक करून देशाबाहेर गेल्या असत्या. एक रोयाल कुठेही भाव खाते. पण १९१० च्या लहान टाइप १३ पासून १९३० च्या दशकातल्या टाइप ५७ पर्यंतची ओळ सलग पाहिली तरच एक माणूस वर्षानुवर्षे कसा विचार करत गेला ते कळते, आणि लिलावात ती ओळ तुटतेच.

दुसरा पर्याय भावांशी तडजोड करून संग्रह त्यांच्याकडेच ठेवण्याचा. गाड्या एकत्र राहिल्या असत्या, पण कामगारांच्या दृष्टीने हा सरळ अन्याय होता, आणि हजारोंच्या रोषावर बसवलेले संग्रहालय उघडणार तरी कसे?

तिसरा, सरकारने थेट ताब्यात घेण्याचा. त्यासाठी पैसा, कायदा आणि राजकीय इच्छा तिन्ही लागतात. दिवाळखोर गिरणीमालकाच्या मोटारी विकत घ्यायला जनतेचा पैसा का घालावा, हा प्रश्न कोणीही विचारला असता. चित्र आणि शिल्प यांना कला म्हणून मान होता. मोटार तेव्हा त्या रांगेत बसत नव्हती.

चौथा पर्याय कामगारांच्या हाती होता. दार कुलूपबंद ठेवून गाड्या ओलीस धरायच्या, की दार उघडायचे?

काय केले गेले

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय इथला आहे, आणि तो अभियंत्याने, संग्राहकाने किंवा मंत्र्याने घेतलेला नाही. कामगारांनी दार उघडले. इमारतीला ‘कामगारांचा कारखाना’ असे नाव देऊन त्यांनी ती लोकांना दाखवायला सुरुवात केली. सुमारे दोन वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसे ती पाहून गेली. आमच्या घामाचा पैसा कुठे गेला ते या आणि बघा, हा त्यामागचा उद्देश होता. बुगाटीचे स्मारक करायला ते आत शिरले नव्हते.

तरीही परिणाम दुहेरी झाला. एक तर ऑस्टिन जळाली तिथेच जाळपोळ थांबली. ज्या हातांना या गाड्यांचा राग येणे स्वाभाविक होते त्याच हातांनी त्या दोन वर्षे राखल्या. दुसरे म्हणजे, एवढ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिल्यानंतर हा संग्रह खासगी राहिलाच नाही. अल्सासच्या लोकांना तो आपला वाटू लागला. पुढे सरकारी पैसा घालायची वेळ आली तेव्हा का घालावा हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही, कारण त्यांनी तो आधीच पाहिला होता.

दुसरा निर्णायक टप्पा १९७८ चा. त्या वर्षी फ्रेंच सरकारने हा संग्रह ऐतिहासिक स्मारक म्हणून संरक्षित केला. संरक्षण जुन्या वास्तूला मिळते तसे चारशे मोटारींना मिळाले, आणि तेही एकत्रित संग्रह म्हणून. यामुळे विक्रीचा अर्थच बदलला. अवसायकाला, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याला, वसुली करायची असली तरी त्याला आता सुटी गाडी परदेशी गिऱ्हाइकाला देता येत नव्हती. संपूर्ण संग्रह एकत्र घेणारा आणि तो फ्रान्समध्येच ठेवणारा खरीददार शोधणे भाग पडले. अशी अट घातली की बाजारभाव पडतो, धनकोंचे नुकसान होते आणि मालकाचेही. सरकारने ते जाणूनबुजून पत्करले.

१९७९ मध्ये अवसायकाच्या आदेशाने इमारत बंद झाली. मग वाटाघाटी. १९८१ मध्ये संग्रह, इमारत आणि जागा मिळून ४.४ कोटी फ्रँकला व्यवहार झाला. खरीददार होती खास या कामासाठी उभी केलेली, नफा न घेणारी संस्था. तिच्यात शहर, जिल्हा आणि प्रदेश यांच्या प्रशासनाबरोबर मोटारक्षेत्रातल्या संस्थाही होत्या. १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय मोटार संग्रहालय रीतसर उघडले.

संस्थेची ही घडण लक्षात घेण्याजोगी आहे. मालकी एका माणसाकडे नाही, एका खात्याकडे नाही आणि एका कंपनीकडेही नाही. एखादा घटक डबघाईला आला तरी संग्रहाला धक्का लागत नाही. रोजचा कारभार पुढे वेगळ्या व्यावसायिक संस्थेकडे देता आला, तोही मालकीला हात न लावता. न्यासाचा मसुदा करणाऱ्याने मालकी आणि चालवणूक यांच्यातली ही फट मुद्दाम ठेवावी.

निष्पत्ती

संग्रह टिकला. शंभराहून अधिक बुगाटी एका छपराखाली असलेले जगातले ते ठिकाण आहे. दोन मूळ रोयाल तिथे शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि नंतर मूळ सुट्या भागांचा आधार घेऊन उभारलेली तिसऱ्या रोयालची प्रतिकृतीही. ते दिवेही आहेत.

भावांशी वाद मात्र न्यायालयात बराच काळ चालला, किमतीवरून आणि हक्कावरून. हान्स १९८९ मध्ये आणि फ्रिट्झ १९९२ मध्ये वारला. संग्रहालयाच्या अधिकृत नावात आज ‘श्लुम्फ संग्रह’ हे शब्द आहेत. मला ते योग्य वाटते. त्यांनी कामगारांवर केलेला अन्याय खरा आहे, आणि मोल्सहाइमच्या गाड्या भंगारात जायच्या वेळी त्या त्यांनीच उचलल्या हेही तितकेच खरे आहे. संस्थेने दोन्ही गोष्टी भिंतीवर लिहायला हव्यात.

एक भाग मात्र हातचा गेला. माल्मेरस्पाकमध्ये दुरुस्ती न झालेल्या ६२ गाड्यांचा राखीव साठा होता. तो पुढे फ्रिट्झच्या पत्नीकडे परत गेला आणि २००८ मध्ये विकला गेला. त्यांतल्या अनेक बुगाटी कॅलिफोर्नियातल्या एका खासगी संग्राहकाकडे पोचल्या. त्याने त्यांतल्या काही जशा सापडल्या तशाच, धूळ आणि गंजासह जपल्या, हे त्याचे मोठे काम. पण २०२३ मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याचे संग्रहालय बंद झाले. जे १९८१ च्या व्यवहारात आले ते म्युलूजमध्ये आहे. जे त्याच्या बाहेर राहिले ते पुन्हा एका माणसाच्या आयुष्यावर अवलंबून राहिले.

कागद कोणी जपायचे?

म्युलूजच्या संस्थेने गाड्या वाचवल्या, पण बुगाटीचे निम्मे काम कागदावर आहे: आराखडे, मापे, कारखान्यातली छायाचित्रे. गाडी उभी राहते, पण तिचा आस असाच का घडवला याचे उत्तर आराखड्यात असते.

हे काम इंग्लंडमध्ये झाले. ग्लॉस्टरशरमधल्या प्रेस्कॉट या टेकडीवर बुगाटी मालकांचा क्लब १९३८ पासून चढणीच्या शर्यती भरवतो. त्या टेकडीच्या पायथ्याशी १९८७ मध्ये बुगाटी न्यास या धर्मादाय संस्थेची स्थापना झाली. ह्यू कॉनवे हा स्वतः अभियंता, बुगाटीच्या इतिहासाचा जाणकार आणि या न्यासामागचा मुख्य माणूस. न्यासाने गाड्या गोळा करण्याच्या मागे न लागता आराखडे, कागदपत्रे आणि छायाचित्रे यांचा अभ्याससंग्रह उभा केला आणि तो विद्यार्थी, दुरुस्ती करणारे आणि संशोधक यांना खुला ठेवला.

दोन्ही संस्थांची तुलना करताना न्यासाचे काम लहान वाटू शकते. दोन रोयाल बघायला रांग लागते, आराखडा बघायला नाही. पण खर्चाच्या हिशेबाने पाहा. गाडीला जागा, हवा, मेकॅनिक आणि विमा लागतो. कागदाला कपाट, कोरडी खोली आणि जाणकार माणूस लागतो. थोडक्या निधीच्या संस्थेने कागदापासून सुरुवात करावी, असे मला ठामपणे वाटते. शिवाय मोडलेला भाग आराखड्यावरून पुन्हा घडवता येतो. आराखडा गेला तर तो भाग मापून काढावा लागतो आणि झिजलेल्या भागाची झीजही मापात येते.

वेगळे काय करता आले असते

फ्रिट्झ श्लुम्फकडे १९६३ ते १९७१ अशी सुबत्तेची आठेक वर्षे होती. त्याच काळात गाड्या स्वतंत्र न्यासाच्या नावावर केल्या असत्या, त्याला ठरावीक निधी दिला असता आणि दार उघडले असते, तर १९७६ ची दिवाळखोरी गाड्यांपर्यंत पोचणे फार अवघड झाले असते. त्याने तसे का केले नाही याचा अंदाज बांधता येतो. न्यास झाला की हिशेब उघडे होतात, विश्वस्त प्रश्न विचारतात आणि पुढची गाडी घ्यायची की नाही हे एकट्याच्या हाती राहत नाही. ज्याला गोळा करण्यातच आनंद आहे त्याला हे बंधन नको असते. अशा संग्राहकाशी बोलणाऱ्याने न्यासाची गोष्ट त्याचे दिवस चांगले असतानाच काढावी. उतरती कळा लागल्यावर केलेला न्यास धनकोंपासून माल लपवण्याची युक्ती ठरतो आणि न्यायालय तो उडवून लावते.

सरकारच्या बाजूने राखीव साठ्याचा प्रश्न राहतो. १९७८ मध्ये संरक्षणाची यादी करताना नजर झळाळत्या गाड्यांवर होती. दुरुस्ती न झालेल्या गाड्यांना तेव्हा किंमत नव्हती. आज जाणकार नेमक्या अशाच गाड्यांना जपतात, कारण त्यांवरचा रंग, शिवण आणि खिळे मूळचे असतात. यादी करताना ‘आज निरुपयोगी’ असा रकाना काढून त्यातल्या वस्तूंचाही विचार करायला हवा होता.

शेवटची उणीव मला सर्वांत जास्त लागते. गिरणीत काम करणाऱ्या त्या कारागिरांना प्रत्येक गाडीचा इतिहास हातांनी माहीत होता: कोणता भाग मोल्सहाइमचा, कोणता नव्याने घडवलेला, कोणत्या गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीतून आले. आधी ताकिदीमुळे ते बोलले नाहीत, मग संपाच्या धुमश्चक्रीत त्यांना कोणी विचारले नाही. १९८१ च्या व्यवहारानंतर लगेच एकेकाला त्या त्या गाडीपाशी उभे करून त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करायला हवे होते. त्याला इमारतीच्या एका दिव्याएवढाही खर्च आला नसता.